आईकडून आलेलं अक्षर

धाकटीची मुलगी तीन आठवड्यांची झाली त्या दिवशी दवाखान्यातून पत्र आलं. तिने ते थोरल्या बहिणीला फोनवर वाचून दाखवायला घेतलं आणि चौथ्या ओळीवर तिची गाडी अडली.

"'अर्थ निश्चित न झालेला बदल', असं लिहिलंय. ताई, म्हणजे काय गं?"

"पुढे वाच."

"पुढे सही आहे."

थोरली प्रयोगशाळेच्या बाहेर, जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. तिने पत्राचा फोटो मागवला आणि तिथेच उभ्याउभ्या तीनदा वाचला. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्तात एक आम्ल जरा जास्त निघालं होतं. फार नाही, जरासंच. म्हणून डॉक्टरांनी जनुक तपासायला पाठवलं होतं. जनुक म्हणजे अक्षरांत लिहिलेली सूचना, आणि प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. बापाकडून आलेल्या प्रतीत एक अक्षर बदललेलं होतं, आणि तो बदल वाईट, हे जगाला माहीत होतं. आईकडून आलेल्या प्रतीतही एक अक्षर बदललेलं होतं. त्या बदलाबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं.

एक प्रत नीट असली तरी काम भागतं, म्हणून दुसरं अक्षर निरुपद्रवी असलं तर मुलगी ठणठणीत. वाईट असलं तर ते आम्ल रक्तात साठत जाणार, आणि वेळीच उपचार केले नाहीत तर डोळे, हाडं, डोकं, सगळ्याला त्याची झळ बसणार. डॉक्टरांनी चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायची तारीख दिली होती. तोवर वाट पाहायची.

थोरलीची अडचण अशी की तिला हे सगळं पत्राशिवायही माहीत होतं. ती जिच्यासमोर उभी होती ती प्रयोगशाळा बाईंची, आणि त्यांच्या हाताखाली ती आठ वर्षं यीस्टवर काम करत होती. पाव फुगवणारं, दारू आंबवणारं, तेच साधं यीस्ट. माणसात आणि यीस्टमध्ये कितीतरी जनुकं एकच काम करतात. यीस्टचं स्वतःचं जनुक काढून टाकलं की ते उपाशी मरतं, आणि त्या जागी माणसाचं घातलं की पुन्हा जगायला लागतं. मग माणसाच्या जनुकातलं एखादं अक्षर बदलून बघायचं. यीस्ट वाढलं तर बदल निरुपद्रवी, नाही वाढलं तर वाईट. अशी साठेक जनुकं बाईंच्या फ्रीझरमध्ये होती. पत्रातलं हे जनुकही त्यातच होतं, खालून दुसऱ्या कप्प्यात.

त्या रविवारी थोरली बहिणीकडे गेली. धाकटीच्या स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होत्या आणि ओट्यावर ते पत्र पाण्याच्या शिंतोड्यांनी फुगून पडलं होतं. मुलगी पाळण्यात मुठी आवळून झोपली होती. जन्मली तेव्हा इतकी लहान होती की घरात तिला सगळे मुंगीच म्हणत.

"तुझ्याकडे करता येतं ना हे?" धाकटीने पाठमोरी राहूनच विचारलं. "आई म्हणाली, ताई दिवसभर हेच करते."

"आमचं काम संशोधनाचं आहे. दवाखान्याचे रिपोर्ट आम्ही देत नाही."

"रिपोर्ट कोण मागतंय? तू नुसतं बघ. बघून मला सांग. चार आठवडे काढायचे कसे, ताई? हिने दूध ओकलं तरी मला वाटतं तेच असेल. जास्त झोपली तरी तेच. झोपली नाही तरी तेच."

थोरलीने ओट्यावरचं ओलं पत्र उचलून झटकलं. मग म्हणाली, "बघते."

बाईंना विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बाई नाही म्हणाल्या असत्या, किंवा हो म्हणून दहा अटी घातल्या असत्या, आणि दोन्ही ऐकायची थोरलीची तयारी नव्हती. तिने ते अक्षर बदललेलं जनुक इतर कामांच्या गर्दीत गुपचूप बनवून घेतलं. अक्षर नीट बदललंय का, हे वाचून तपासलं. ते यीस्टमध्ये घातलं. या सगळ्यात अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तिने यीस्ट वाढवायच्या तीन प्लेट बनवल्या. एकीवर माणसाचं निरोगी जनुक असलेलं यीस्ट, एकीवर कुठलंच जनुक नसलेलं रिकामं, आणि एकीवर मुंगीचं. निरोगी वाढायलाच हवं, रिकामं मरायलाच हवं. मुंगीचं काय होतं ते बघायचं.

तिन्ही प्लेट तिने इनक्युबेटरच्या कोपऱ्यात मागे सरकवून ठेवल्या, फौजदाराच्या नजरेला पडू नयेत म्हणून. फौजदार म्हणजे प्रयोगशाळेतले सर्वांत जुने तंत्रज्ञ. इनक्युबेटर कुणी उघडला, किती वाजता उघडला, दार किती वेळ उघडं ठेवलं, हे सगळं त्यांच्याकडच्या जाड वहीत लिहिलेलं असे. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी बाईंपेक्षा त्यांचीच भीती वाटायची.

तीन दिवस थोरलीचं कशातच लक्ष लागलं नाही. चहा गार व्हायचा. एकदा ती हातमोजे घालूनच घरी जायला निघाली आणि बसच्या थांब्यावर कुणीतरी तिच्या हातांकडे टक लावून पाहू लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. इनक्युबेटरचं दार उघडलं, मागे हात घातला आणि वरची प्लेट उजेडात धरली. वरची म्हणजे मुंगीची.

प्लेटभर ठिपके होते. गोल, पांढरे, फुगीर, मोत्यांसारखे. निरोगी यीस्ट वाढावं तसंच ते वाढलं होतं.

प्लेट परत ठेवून, दार लावून ती धावतच जिन्यात गेली.

"वाढलंय," ती फोनवर म्हणाली. "छान वाढलंय. म्हणजे आईकडून आलेलं अक्षर बरं आहे."

पलीकडे धाकटी ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि रडता रडताच ती नवऱ्याला ओरडून सांगत होती, "अहो, वाढलंय! ताईचं यीस्ट वाढलंय!" नवऱ्याला काय वाढलंय ते कळलं नव्हतं, पण तोही ओरडला. थोरली एकटीच जिन्यात हसत उभी राहिली. गेल्या पंधरा दिवसांत तिला पहिल्यांदाच भूक लागली.

दुपारी जेवण झाल्यावर ती बाकीच्या दोन प्लेट टाकून द्यायला गेली. फौजदार इनक्युबेटरपुढे वही घेऊन उभे होते.

"कोपऱ्यातल्या तुमच्या का?" त्यांनी विचारलं. "नाव नाही, तारीख नाही. शाळेत हजेरी लावतात की नाही, तसं प्लेटवर नाव असावं."

"माझ्याच आहेत. काढतेच."

"रिकामी कुठली यातली?"

"खालची."

"मग ती का वाढली?"

थोरलीने खालची प्लेट हातात घेतली. तिच्यावरही ठिपके होते. गोल, पांढरे, फुगीर. मधल्या प्लेटवरही तसेच, आणि मुंगीच्या प्लेटवरही. तिन्हींत तसूभर फरक नव्हता.

"कदाचित ठेवताना माझ्याकडून क्रम चुकला असेल," ती म्हणाली. "वरची खाली..."

"तिन्ही वाढल्यात. क्रम उलटा असो की सुलटा."

हे खरंच होतं. रिकामं यीस्ट वाढलं याचा अर्थ एकच होता, की त्याला बाहेरून खायला मिळालं होतं. ज्या घटकाशिवाय ते मरतं, तो घटक प्लेटमध्येच होता. यीस्ट नुसतं जिवंत ठेवायच्या रोजच्या प्लेटमध्ये तपकिरी बाटलीतला हा खुराक घालतात. परीक्षेच्या प्लेटमध्ये तो अजिबात घालायचा नसतो. थोरलीने आपली वही काढली. बाराव्या दिवसाच्या पानावर तिच्याच अक्षरात ओळीने बरोबरच्या खुणा होत्या. साखर, क्षार, घट्टपणासाठी अगरची पूड, आणि चौथी खूण तपकिरी बाटलीपुढे. रोज करतो तसा सवयीने हात गेला होता. घाई होती, बाई यायच्या आत उरकायचं होतं, आणि आठ वर्षांच्या हाताने आठ वर्षांची सवय पाळली होती.

त्या प्लेट काहीच सांगत नव्हत्या. मुंगीचं अक्षर वाईट आहे असंही नाही आणि बरं आहे असंही नाही. आणि सकाळी साडेआठ वाजता तिने एका आईला सांगून टाकलं होतं की तुझी मुलगी ठणठणीत आहे.

आता लगेच फोन करावा, की आधी प्रयोग पुन्हा करावा? चार-पाच दिवसांत खरं उत्तर मिळालं असतं. ते चांगलंच निघालं असतं तर हे कुणाला कळलंही नसतं. हा विचार तिच्या डोक्यात पुरता अर्धा तास होता, आणि त्या अर्ध्या तासाची लाज तिला पुढे फार दिवस वाटत राहिली. तेवढ्यात धाकटीचा निरोप आला.

'गुरुवारची रक्ताची तारीख रद्द केली. उगाच इवल्याशा पायाला टोचायचं कशाला? पुढच्या महिन्यात बघू. तू आमचं पोर वाचवलंस.'

थोरलीने पर्स उचलली आणि फौजदारांना म्हणाली, "मी निघते. बाईंनी विचारलं तर सांगा, घरी काम निघालं. नको, काही सांगू नका. मीच उद्या सांगीन."

फौजदारांनी मान हलवली. वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

धाकटीने दार उघडलं तेव्हा तिने केस धुतले होते. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिच्या अंगावर बाहेर जायचे कपडे होते. थोरलीचा चेहरा बघून ती दारातच थबकली.

"काय झालं?"

"तारीख परत घे," थोरली म्हणाली. "गुरुवारचीच मिळते का बघ. माझं चुकलं."

"काय चुकलं?"

थोरलीने सांगितलं. सोपं करून सांगायला गेली तर जास्तच अवघड झालं. खुराक, रिकामं यीस्ट, वहीतली खूण. पाळण्यात मुंगी कुरकुरली तेव्हा धाकटीने पायाने पाळणा हलवला, नजर मात्र बहिणीवरून हटली नाही.

"म्हणजे ती आजारी आहे?"

"माहीत नाही. सकाळी जेवढं माहीत नव्हतं तेवढंच आत्ताही माहीत नाही."

"सकाळी तू म्हणालीस, छान वाढलंय."

"हो."

"'छान' म्हणालीस, ताई. मी आईला सांगितलं. सासूबाईंना सांगितलं. शेजारणीला सांगितलं. मी, मी दुपारी झोपले. तुला कळतंय का? महिन्यात पहिल्यांदा मी दुपारी गाढ झोपले." तिचा आवाज चढला. "तुला एक प्लेट जास्तीची बघायला काय झालं होतं? तीन तर होत्या!"

तीनच होत्या, हे अगदी खरं होतं.

"मी दवाखान्यात फोन करते," ती म्हणाली. "मी त्यांना समजावून सांगते, की..."

"तू नको." धाकटीने फोन उचलून छातीशी धरला. "तू आता कुणाला फोन करू नकोस."

दवाखान्यातल्या मुलीने गुरुवारची वेळ दुसऱ्याला दिली होती. पुढची मोकळी वेळ चोवीस दिवसांनी होती. धाकटीने विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, मग पुन्हा विनवण्या केल्या. शेवटी कुणाची तरी वेळ रद्द झाली म्हणून बारा दिवसांनंतरचा मंगळवार मिळाला. फोन ठेवून ती बहिणीकडे न बघता म्हणाली, "आता जा. मला हिला पाजायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. बाई साठीच्या होत्या, बारीक आवाजात बोलायच्या, आणि रागावल्या की आणखी बारीक आवाजात बोलायच्या. त्या दिवशी त्यांचं बोलणं जेमतेम ऐकू येत होतं.

"स्वतःच्या भाचीची प्लेट स्वतःच टाकायची, स्वतःच वाचायची, आणि कुणाला सांगायचं नाही. तुमच्या हाताखालच्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"कामावरून काढा असं तुम्हाला सांगितलं असतं."

"हं." बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते आपण नंतर बघू. आधी बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला विचारा, आम्ही हे काम पुढे करावं का. लेखी हवं. ते नाही म्हणाले तर तुमचं यीस्ट आजच नष्ट करायचं. हो म्हणाले तर पुन्हा करू, पण माझ्या पद्धतीने."

थोरलीला पुन्हा फोन करावा लागला. फोन धाकटीच्या नवऱ्याने उचलला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो एवढंच म्हणाला, "कागद पाठवा. ती सही करेल, पण तुमच्याशी बोलेल असं वाटत नाही."

सही आली. बाईंची पद्धत अशी होती. सहा यीस्ट घ्यायची, एक रिकामं, एक निरोगी, एक निरुपद्रवी बदलाचं, एक बापाकडच्या वाईट अक्षराचं, एक जीवनसत्त्व दिल्यावरच वाढतं हे ठाऊक असलेलं, आणि मुंगीचं. बाईंनी दार लावून स्वतः ती सहा नळ्यांत भरली, नावं पुसून एक ते सहा आकडे घातले, आणि कुठला आकडा कोणाचा हे कागदावर लिहून तो कागद स्वतःच्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवला. प्लेट फौजदारांनी बनवल्या, तपकिरी बाटली कपाटात बंद करून. काही प्लेट साध्या होत्या, काहींत ब-सहा जीवनसत्त्व भरपूर घातलं होतं.

"जीवनसत्त्व कशाला?" थोरलीने विचारलं, कारण काहीतरी बोलणं तिला भाग होतं.

"काही जनुकं मेलेली नसतात, लंगडत असतात," बाई म्हणाल्या. "त्यांना काठी मिळाली की चालतात. आठ वर्षं तुम्ही हेच काम करताय, आणि आज मला विचारताय."

थोरलीने आपल्या हाताने थेंब टाकले, कुठला थेंब कोणाचा हे न कळता. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तिने कोपर टेबलावर घट्ट टेकवून ठेवलं होतं. यांतल्या एका थेंबात तिच्या भाचीचं नशीब होतं असं तिला वाटत होतं, आणि असं वाटून घेऊ नये हेही तिला कळत होतं.

पुन्हा तीन दिवस वाट पाहायची होती. इनक्युबेटर फौजदारांच्या ताब्यात होता आणि मधे उघडायला बंदी. थोरली काहीतरी निमित्त काढून त्याच्यासमोरून जायची आणि तापमानाचा आकडा वाचून यायची. आकडा तोच असायचा. धाकटीचा फोन नव्हता. आईचा रोज यायचा. "तुम्ही दोघी बोलत का नाही?" आई विचारायची, आणि थोरली म्हणायची, "कामात आहे गं."

चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिघेही टेबलाभोवती जमले. बाईंनी थोरलीला हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं. प्लेट फौजदार वाचणार होते.

"साधी प्लेट," फौजदार हजेरी घेतल्यासारखे म्हणाले. "एक, नाही. दोन, वाढलंय. तीन, नाही. चार, नाही. पाच, वाढलंय. सहा, नाही."

थोरलीने मनात मोजलं. निरोगी वाढणारच. निरुपद्रवी बदलाचंही वाढणार. हे दोन झाले. मुंगीचं अक्षर बरं असतं तर तीन थेंब वाढायला हवे होते.

दोनच वाढले होते. कागद उघडायची गरजच नव्हती.

"पुन्हा बघता?" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

फौजदारांनी प्लेट खिडकीशी नेली, तिरकी केली, भिंगातून पाहिली. "दोनच आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे तिला माहीत नव्हतं.

"बसा," बाई थोरलीला म्हणाल्या. ती बसली नाही.

"जीवनसत्त्वाची प्लेट. एक, नाही. दोन, वाढलंय. तीन, नाही. चार, वाढलंय. पाच, वाढलंय." फौजदार थांबले. "सहा..."

"सहाचं काय?"

"आहे. बारीक आहेत ठिपके. पण आहेत."

म्हणजे चार वाढले. निरोगी, निरुपद्रवी, जीवनसत्त्वावर वाढणारं, आणि आणखी एक. रिकामं कशानेच वाढत नाही, बापाकडचं अक्षरही नाही. राहिलं एकच. बाईंनी खणातून कागद काढून टेबलावर ठेवला. सहा आकड्यापुढे मुंगीचं नाव होतं.

आता मात्र थोरली बसली. रडावं की हायसं वाटून घ्यावं, ते तिला कळेना. अक्षर वाईट होतं, पण लंगडणारं होतं, आणि काठी घेऊन चालणारं होतं.

"हे यीस्टचं उत्तर आहे," बाई म्हणाल्या. "मुलीचं नाही. तुम्ही बहिणीला काहीही सांगायचं नाही. मी डॉक्टरांना लिहिते, सगळं लिहिते, पहिली चूकसुद्धा. काय सांगायचं आणि काय करायचं ते डॉक्टर ठरवतील."

मंगळवारी थोरली दवाखान्यात जाणार नव्हती. पण सकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला, त्याला ऐनवेळी सुट्टी मिळाली नव्हती. "ती एकटीच आहे," तो म्हणाला.

धाकटी बाकावर मुंगीला घेऊन बसली होती. थोरली शेजारी जाऊन बसली. बराच वेळ दोघी समोरच्या भिंतीवरचं उंची-वजनाचं कोष्टक वाचत राहिल्या. नर्सने आत बोलावलं तेव्हा धाकटीने मुंगीला बहिणीच्या हातात दिलं.

"तू धर," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

थोरलीने ती इवलीशी टाच धरली. मुंगी आधी आश्चर्याने बघत राहिली आणि मग तिने संपूर्ण दवाखाना दणाणून सोडला. धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

रक्ताचा आकडा दुसऱ्या दिवशी आला. पहिल्यापेक्षा तिप्पट झाला होता. आणखी महिनाभर वाट पाहिली असती तर, असं डॉक्टरांनी वाक्य सुरू केलं आणि पुरं केलं नाही. बाईंचं पत्र त्यांच्यासमोर होतं. जीवनसत्त्व देऊन बघायचं हे त्यांच्या मनात होतंच, पत्रामुळे त्यांनी ते लगेच सुरू केलं. दर आठवड्याला रक्त, डोळ्यांची तपासणी, पुढे खाण्यापिण्याचं पथ्य. पंधरा दिवसांनी आकडा निम्म्यावर आला. दीड महिन्याने आणखी खाली. पूर्ण योग्य पातळीवर आला नाही, पण डॉक्टर म्हणाले, एवढ्यात राहिला तरी पुष्कळ.

बाईंनी थोरलीला काढलं नाही. सहा महिने तिच्या प्रत्येक प्लेटवर दुसऱ्या कुणाची तरी सही लागायची, आणि ती सही बहुतेक वेळा फौजदारांचीच असायची.

धाकटी पुन्हा बोलायला लागली, पण पूर्वीसारखी नाही. आकडा आला की ती आधी डॉक्टरांना विचारायची, मग नवऱ्याला सांगायची, मग आईला, आणि थोरलीला तो आईकडूनच कळायचा. थोरलीने कधी तक्रार केली नाही. मुंगी सात महिन्यांची झाली तेव्हा एका दुपारी तिलाच फोन आला.

"अडतीस," धाकटी म्हणाली. "मागच्या वेळी एकेचाळीस होता."

"चांगलं आहे," थोरली म्हणाली, आणि लगेच घाबरून म्हणाली, "म्हणजे डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे." मागे मुंगी कशावर तरी चमचा आपटत होती. "औषध थुंकते गं ही. अर्धं माझ्या अंगावर, अर्धं भिंतीवर. तू कधी येतेस? एकीने हात धरायचे आणि एकीने तोंड, असं केलं तरच जाईल."

"येते," थोरली म्हणाली. "आत्ता निघते."